भावांच्या दाव्यात मी तिसरी

वडील गेल्यावर माझ्या दोन्ही धाकट्या भावांचं जमिनीवरून बिनसलं आणि त्यातल्या थोरल्यानं धाकट्यावर औरंगाबादच्या कोर्टात दावा टाकला. मला हे बाहेरून कळलं. मी गंगापूरकडं दिलेली. लेकीला कोण सांगतंय?

मला वाईट वाटलं, ते चुलतीच्या तेराव्यापर्यंत. त्या दिवशी फुलंब्रीजवळच्या माहेरी एसटीतून उतरले, तर आमच्याच शेतात औत चाललेलं. औताला दोन बैल. तांबडा थोरल्याचा, बांडा धाकट्याचा. आमच्याकडं एकेक बैलवाले दोघं सावड करतात. बैल एकत्र जुंपायचे, आधी याचं रान, मग त्याचं. वाकडं आलं की सगळ्यात आधी सावड मोडते. कोर्टात एकमेकांना चोर म्हणणाऱ्यांची कशी काय टिकली?

मला वाटलं, हे भांडण खरं नाही. दावा लावायचा, मग तडजोड करायची आणि निम्मी-निम्मी जमीन कोर्टाच्या हुकमानं नावावर करून घ्यायची. बापाला लेकही होती, हे कुठल्याच कागदावर यायला नको.

मी वकील गाठला. तो म्हणाला, "मावशी, या दाव्यात तुम्हालाही सामील करून घ्या, असा अर्ज देऊ." पण तो त्यांच्या वकिलांबरोबर चहा प्यायचा. म्हणून अर्जाची ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली, मगच सही केली.

तारखेला मला बघून थोरला दचकला. "आक्का, तू इथं? तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बैलांनी."

"लई शहाणी झालीस," धाकटा म्हणाला.

"व्हय. बापानं चौथीपर्यंत शिकवलंय."

अर्ज मंजूर झाला. आता मला वगळून तडजोड होणार नाही, असं वकील म्हणाला.

त्या भाऊबीजेला दोघं एकाच मोटारसायकलवर आले. एरवी एखादाच यायचा, तोही जेवणवेळ टळल्यावर. मी ओवाळलं. धाकट्यानं पिशवीतून काठापदराची साडी काढून माझ्यापुढं ठेवली. एवढी भारी साडी त्यांनी मला कधी आणली नव्हती. मग थोरल्यानं खिशातून कागद काढला.

"आक्का, वाटा सोडला म्हणून एक सही कर. भावांपेक्षा जमीन मोठी व्हय?"

"तुम्हाला बहिणीपेक्षा मोठी वाटली, म्हणून तर कोर्टात गेलात," मी म्हणाले. "साडी चांगलीय. पुढच्या तारखेला नेसून येते."

धाकट्यानं साडी उचलून परत पिशवीत घातली.