नवऱ्यांनी वाढवलेले माड

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परसातले सात माड गावातल्या नवऱ्यांनी वाढवले. पाणी घातल्याचं त्यांना आठवतं. कशासाठी घातलं, हे अजून ठाऊक नाही. करामत सिस्टरबाईंची. बायको तपासायला आली आणि नवरा पाठीला चिकटून उभा राहिला, की बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "जा रे बाबा, माडांका पाच बालदी पाणी घाल. तवसर मी हिका बघतंय." कडक इस्त्रीच्या शर्टातला सरपंचांचा मुलगासुद्धा मुकाट विहिरीवर जाई. लहानपणी याच बाईंनी सगळ्यांना टोचलेलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मी लातूरहून तिथे डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा मला हा बागेचा सोस वाटला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ओरोसहून, विहिरीसाठी पंप आला, तर बाईंनी तो खोक्यासकट कोठीत टाकला. मी चिडलो. त्या म्हणाल्या, "पंप बसलो तर घोवांका खंय धाडू, डॉक्टरानू?" घोव म्हणजे नवरा आणि खंय म्हणजे कुठे, एवढं कळलं. बाकी डोक्यावरून गेलं.

मग माझ्याच हातून चूक झाली. बाई लसीकरणाला गेल्या असताना एक तरुणी मनगट सुजलेलं घेऊन आली. तिला सुमन म्हणू. दंडावर बोटांचे वळ होते. नवरा शेजारीच उभा, आणि मी शहाण्याने विचारलं, "कुणी मारलं का?" "न्हाणीत पडलंय," ती जमिनीकडे बघत म्हणाली. नवऱ्याने तिला उठवून नेलं. संध्याकाळी बाईंनी मला फैलावर घेतलं. "त्येच्यासमोर इचारलात? आता घराक गेल्यार जाब तिका देवचो लागतलो."

दोन आठवडे मला जेवण गोड लागेना. शेवटी तिच्या पोराच्या डोसची तारीख आली आणि ती आली. नवराही आलाच. बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "आज वीस बालदी." तो कुरकुरत गेला, रहाट वाजू लागला. बाईंनी दार लोटलं, पोराला माझ्याकडे देऊन मला खिडकीशी पिटाळलं आणि तिच्याजवळ बसून विचारलं, "घरात भय वाटता काय गो बाय?" एवढंच विचारून त्या गप्प बसल्या. हे गप्प बसणं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. रहाट बराच वेळ वाजत राहिला. मग सुमन म्हणाली, "माका मारता तो."

"तुझी चूक नाय," बाई म्हणाल्या. "काय करूया, ता तूच सांग." तिच्या होकारानेच मी जखमा केसपेपरवर लिहिल्या, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी सरकारने नेमलेल्या ओरोसच्या संरक्षण अधिकारी मॅडमना फोन लावला. महिनाभरात ती पोराला घेऊन देवबागला माहेरी गेली. आता तिथे पर्यटकांना जेवण रांधून घालते. तिची सोलकढी मी दोनदा मागून प्यायलो आहे.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी ती आली होती. सरपंच भाषणात बाईंच्या निसर्गप्रेमावर घसरले आणि बाई पदराआड खुदुखुदु हसत बसल्या. सुमन मधेच उठली, विहिरीवर गेली आणि सातही माडांना पाणी घालून आली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

हल्ली मी दुसऱ्या केंद्रात आहे. इथे नळ आहे, लांबलचक नळीही आहे. मी परसात चार माड लावले आणि नळी कोठीत ठेवून कुलूप घातलं. नव्या सिस्टरने परवा विचारलं, "सर, नळी असताना बालदी कशाला?"

मी माझ्या लातुरी मालवणीत म्हणालो, "मग घोवांका खंय धाडू?"

ती हसली. मग बाकावर बायकोला खेटून बसलेल्या एका नवऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. तिने बालदी उचलली आणि त्याच्या हातात दिली.