प्रकृती उत्तम

आमच्या सोसायटीत अर्ज लिहायचा असला की लोक माझ्याकडे येतात. पाण्याची तक्रार असो, रेशनकार्डावरचं नाव असो, मीच लिहायचं. ठाण्याला, कोपरीतल्या एका ऑफिसात मी वर्षानुवर्षं टपालाची आवक-जावक सांभाळतोय, त्यामुळे कोणता कागद कुठे अडतो हे मला कळतं असा सगळ्यांचा समज आहे. माझाही होता. माझे नियम दोनच. विचारलं तेवढंच लिहायचं, आणि स्वतःहून खोट दाखवायची नाही. या दोन नियमांपायी मी आईचा पोपट घालवला.

तो बाबांनी आणला होता. कोपर स्टेशनजवळ रस्त्यासाठी झाड पाडलं, ढोली फुटली आणि हे पिल्लू खाली पडलं. उजवा पंख मोडलेला. बाबांनी त्याला रुमालात गुंडाळून घरी आणलं, हळद लावली, काडी बांधली. पंख वरून छान दिसायला लागला, पण तो कधी उडाला नाही. पिंजऱ्याचं दार उघडंच असायचं. तो चालत बाहेर यायचा आणि एखाद्या पेन्शनरासारखा घरभर फेरी मारून परत आत जायचा. आई त्याला 'अरे' म्हणायची आणि मलाही. आम्ही दोघंही वळून बघायचो.

बोलायला तो शिकला नाही. शिकला फक्त बाबांचा खोकला. आधी घसा खाकरणं, मग दोन कोरडे ठसके आणि शेवटी 'हां'. बाबा गेले तरी खोकला घरात राहिला. आई स्वयंपाकघरातून सवयीने म्हणायची, "पाणी प्या थोडं." मग तिच्या लक्षात यायचं, पण तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवायची.

मग पेपरात बातमी आली, की घरी पाळलेल्या विदेशी पक्ष्यांची सरकारकडे नोंद करायची आहे. 'विदेशी' हा शब्द बातमीच्या आत होता. मी मथळा वाचला आणि अर्ज लिहायला बसलो. आयुष्यभर एकही कागद अपुरा न ठेवलेल्या माणसाला घरातला पोपट बिनकागदाचा कसा चालेल! वय, आहार, पिंजऱ्याचं माप, सोबत फोटो. 'प्रकृती' या शब्दापुढे मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, उत्तम.

"पंखाचं लिहिलंस ना रे?" आईने विचारलं.

"अगं, ते कुठे विचारतात? उगाच लिहिलं तर म्हणतील, तुम्हीच हेळसांड केलीत."

"बरं बाबा. तुला कळतं त्यातलं."

आठवड्याभराने वनखात्याची दोन माणसं घरी आली. त्यातला वयाने मोठा होता तो माझाच अर्ज हातात धरून कानकोंडा झाला होता.

"साहेब, हा आपला देशी पोपट. संरक्षित आहे. ह्याचं लायसन्स निघतच नाही, ठेवणं गुन्हा आहे. तुम्हाला अर्ज करायला कोणी सांगितलेलं? अर्धी डोंबिवली पोपट पाळतेय. पण तुम्ही सहीनिशी लेखी दिलंत, मग आम्हाला यायलाच लागतं ना."

पंखाचं निदान तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण खाली माझी सही होती. आता उलटं बोललो तर खोटी माहिती दिली म्हणून अडकेन, एवढंच माझ्या डोक्यात आलं. वर, स्वतःहून कळवलं म्हणून गुन्हा दाखल करत नाही असं ते म्हणाले, तेव्हा मी त्यांचे आभार मानले. त्या आभारांची मला आजही लाज वाटते. आईने डब्यात मिरच्या घालून दिल्या. जिन्यात पोपट खोकला. शेवटचं 'हां' खालच्या मजल्यावरून आलं.

त्यानंतर आईचं मागणं एकच होतं. जिथे ठेवलाय तिथे एकदा ने, लांबून का होईना खोकला ऐकू दे. मी फोन केले, खेटे घातले, शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. महिन्याभराने पाकीट आलं. आई चष्मा पुसून समोर बसली. बाहेर जायची साडी तिने आधीच काढून ठेवली होती.

"वाच," ती म्हणाली.

पहिल्याच परिच्छेदात होतं. अर्जदाराने स्वतः नमूद केल्यानुसार पक्ष्याची प्रकृती उत्तम असल्याने त्यास इतर पक्ष्यांसोबत निसर्गमुक्त करण्यात आले. सोबत वार्षिक अहवालाचं पान जोडलं होतं. त्यात यशस्वीपणे मुक्त केलेल्या पक्ष्यांचा आकडा होता. आमचा चालत फिरणारा पोपट त्या आकड्यात होता.

"म्हणजे सोडला?" आईने विचारलं. "अरे, पण त्याला उडता कुठे येतं?"

मी कागदाची घडी घातली. तिने साडी परत कपाटात ठेवली.

परवा जेवताना मला ठसका लागला, एकापाठोपाठ दोन. आई स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आली. मी आहे हे तिने पाहिलं आणि ती परत आत गेली.