सोवनी सरांची टेप

जेवण झालंय. बाहेर दुपार रणरणतेय आणि तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पंखा कुरकुरतोय. हेमांगी कारखानीस आतून कडी घालते, खुर्चीत टेकते, डोळे मिटते, आणि पेंगता पेंगता तिच्या तोंडून निघतं, "मेले बेशरम!"

का निघू नये? अंबरदूत म्हणजे उपग्रहावरून टेलिफोन जोडून देणारी सुरुवातीची कंपनी. पहिली हाक घातली सोवनी सरांनी, घाटमाथ्यावरच्या केंद्रातून. पलीकडे गुवाहाटीला होती नुकतीच नोकरीला लागलेली हेमांगी. आणि वरच्या नव्या दालनात पितळी पाटी लागलीय की पहिली हाक मोठ्या शेठजींनी घातली! आयत्या बिळावर नागोबा! शेठजी त्या दिवशी मेव्हणीच्या लग्नात मिरवत होते. सर गेल्या वर्षी गेले, तर शोकसभेत यांना त्यांचं नावसुद्धा धड घेता आलं नाही. बाकीचे सगळे पुरावे भंगारात गेले. राहिलीय त्या हाकेची ही एक टेप.

जुन्या टेपांना दमट हवेनं चिकटा धरतो. मग त्या मंद आचेवर शेकाव्या लागतात. कंपनीनं शेकायचं यंत्र दिलं नाही, म्हणून हेमांगीनं घरचं, आवळे वाळवायचं आणलं. टेप शेकून, निववून, वाजवायच्या यंत्रावर चढवून ठेवलीय.

"काय गं कारखानीस, आवळे वाळवतेस की मला?"

सोवनी सर उभे आहेत. तोच उसवलेला स्वेटर, गालात लवंग.

"तुम्हालाच. हात लावू नका कशाला."

सर हसून बसतात, ते केंद्रातल्या अँटेनाच्या त्या अवाढव्य तबकडीच्या काठावर. हेमांगीही शेजारीच बसलीय, पाय सोडून. खाली घाट आहे, घाटाखाली ब्रह्मपुत्रा वाहतेय, आणि दोघांनाही त्याचं काही नवल नाही.

"पाटी वाचलीत?" ती विचारते.

"वाचली. अक्षर झकास आहे."

"राग येत नाही तुम्हाला?"

"जिवंतपणी आला नाही, आता कुठून आणू?"

"तिथंच तर चुकलं, सर! तुम्ही देवमाणूस होऊन बसलात आणि त्यांचं फावलं. भांडायचं आमच्यावर टाकून गेलात."

 सर आता कॅन्टीनच्या रांगेत तिच्या पुढे उभे आहेत, हातात रिकामं ताट. जिथं उसळीचं पातेलं असायचं तिथं टेपचं यंत्र ठेवलंय.

"ही जपतेस कुणासाठी?"

"तुमच्यासाठी! आणखी कुणासाठी?"

"मग मला ऐकव की."

हेमांगी यंत्रावर आडवा हात धरते. "सर, पार खिळखिळी झालीय हो. एकदाच वाजेल. उद्या नक्कल करून घेणारा माणूस येतोय. उद्यापर्यंत दम धरा."

"उद्या मी कुठं असणार, बाई?"

नाही म्हणायला हवं. तिला कळतंय. पण जन्मभर या माणसाला तिनं नाही म्हटलेलं नाही. रजा रद्द कर, हो सर. आईचे दिवस झाले नाहीत तोवर कामावर ये, हो सर. सवय ती सवय.

"हो सर," ती म्हणते आणि कळ दाबते.

खरखर. मग तरुण, घाईतला आवाज: "हॅलो, घाट बोलतोय. गुवाहाटी, ऐकू येतंय का?" आवाज आभाळात जाऊन परत येईपर्यंतची ती शांतता. आणि मग एक चिरका, आनंदानं फुटलेला गळा: "येतंय सर! अगदी शेजारी बसल्यासारखं!"

हेमांगी रडतेय. सर मान डोलावतात.

"गोड होता गं आवाज तुझा," म्हणतात, आणि ताट ठेवून चालू लागतात.

"थांबा ना, सर!"

"झालं की ऐकून."

फट्. फट्. फट्.

ती दचकून उठते. टेप सगळीच्या सगळी दुसऱ्या चकरीवर गेलीय आणि सुटलेलं टोक यंत्रावर आपटतंय. ती यंत्र बंद करते, टेप उजेडात धरते. आरपार दिसतंय. वरचा तपकिरी थर, ज्यात आवाज असतो, तो सगळा खरवडून निघालाय. नक्कल करायचा कॉम्प्युटर तर बंदच आहे. कुणी वाजवली, हे विचारायची सोय नाही. कडी आतून तशीच आहे.

"भरून पावलात ना?" ती रिकाम्या खोलीवर ओरडते. "स्वतःपुरतं ऐकून गेलात! आता त्या पाटीसमोर मी काय घेऊन उभी राहू?"

यंत्राखाली तपकिरी भुकटी सांडलीय. ती कागदावर गोळा करते. चमचाभरसुद्धा भरत नाही.