दादाची सीट

माझी वहिनी कवळ्या बनवते. डेंटिस्टकडून दातांचे ठसे येतात, त्यावरून ती प्लास्टरचा साचा करते आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुन्हा चावता येतं. कुठे टोचणार आहे ते तिच्या अंगठ्याला आधी कळतं, हिरड्यांना नंतर. हात असा, आणि जीभ त्याहून धारदार. मी तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न झाल्यापासून मला चिडवायला ती "वन्सं" म्हणते, आणि मी चिडते.

तिचा नवरा, म्हणजे माझा दादा, लांब पल्ल्याचा सायकलवाला. पहाटे निघायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. हँडल इतकं खाली, की लांबून वाटावं, गृहस्थ रस्त्यावर पडलेलं काहीतरी शोधतोय. कपड्यांचे, बुटांचे लाड नव्हते. लाड होते ते चामड्याच्या सीटचे. नवी असताना ती नुसता दगड होती. वर्षभर त्यानं कण्हत-कुथत चालवली, तेव्हा कुठे त्याच्या बसायच्या हाडांखाली चामडं दबलं आणि दोन खळगे पडले, उजवा जरा जास्त खोल. "आता ही माझी झाली," असं तो येईल त्याला सांगत सुटला. वहिनी म्हणायची, "सवत आणलीय घरात."

साध्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला.

बाजारापलीकडे कधी सायकल न नेलेल्या वहिनीनं थोड्याच दिवसांत त्याची सायकल बाहेर काढली. उंचीला दोघं सारखीच, त्यामुळे सायकल तिला चालली. दुकानात जाऊन तिनं हँडल वर घेतलं, जवळ आणलं, सीट बोटभर खाली केली. दुकानदार म्हणाला, "ताई, ही सीट बदला. दुसऱ्याच्या खळग्यात बसून हाल होतील तुमचे." तिनं ऐकलं नाही, आणि हाल झालेच. थोडं अंतर गेलं की ती उतरायची; कधी पाणी प्यायचं असायचं, कधी बुटाची नाडी सुटलेली असायची. घरी आली की खुर्चीत एका कुल्ल्यावर बसायची.

"कसली ही हौस?" मी विचारलं.

"दुखतं ना वन्सं, तेव्हा वाटतं, बसलाय अजून. जागा सोडत नाहीये."

मग मी एकदाच स्पष्ट बोलले. "तू बसत राहिलीस तर त्याचे खळगे बुजतील. चामडंच ते, जो बसेल त्याच्यासारखं होणार. काढून कपाटात ठेव. नाहीतर साचा तरी काढून घे, रोज तेच करतेस."

"साच्यात काय असतं ते मला विचारा," ती म्हणाली. "प्लास्टर." थोड्या वेळानं म्हणाली, "माझं वजन ते केवढं! नाही बुजणार."

काही महिन्यांनी एका रविवारी आम्ही दोघी धरणापर्यंत निघालो. मी माझ्या सायकलवर मागे होते. पहिलं गाव गेलं, दुसरं गेलं, वहिनी उतरली नाही. पाठ ताठलेली नाही, खांदे सैल, हात हँडलवर अलगद. इतकी छान बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. ते तिच्या लक्षात येऊ नये म्हणून मी ऑफिस, शेजारीण, वाट्टेल ते बडबडत सुटले.

"थांबू या का गं जरा?"

"कशाला? चाललंय की मस्त," ती म्हणाली.

पुलावर तिनं ब्रेक दाबला. उतरून सीटवर अंगठा फिरवला. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"वन्सं, दुखत नाहीये. अजिबात दुखत नाहीये हो."

दादा गेला त्या दिवशी आल्यागेल्याला चहा विचारणारी ही बाई, पुलाचा कठडा धरून हंबरडा फोडून रडली. मी तिला जवळ घेतलं. मलाही माझा भाऊ त्या चामड्यातच हवा होता. "असेल गं थोडा अजून," मी म्हणाले. माझं मलाच ते पटलं नाही.

घर बरंच लांब होतं. डोळे पुसून ती सायकलवर चढली, पण सीटला टेकली नाही. पायडलवर उभी राहून चालवायला लागली. सपाट रस्ता, उतार, सगळं उभ्यानंच. ट्रकवाले मागून हॉर्न मारत होते. मी ओरडले, "वहिनी, बस आता, पाय मोडतील!" तिनं नुसती मान हलवली. पोटऱ्या लटलटत होत्या, सायकल रस्ताभर झुलत होती. मग चढ लागला. निम्म्या चढावर तिच्या पायांतलं बळ सरलं, आणि ती बसली.