आईत काय राहिलं नाय ना?

थांबा, बाकीचं सगळं नंतर. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला घास उतरणार नाही, डबा उघडून समोर ठेवलाय आणि मी टाइप करत सुटलेय.

झालं असं, की सकाळी ऑफिसचा लॅपटॉप मेला. आयटीतला माणूस तो घेऊन गेला आणि पाऊण तासात परत आला. "मॅडम, मास्टर इमेज टाकलीय. सगळं आहे, बघून घ्या." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "आई स्वच्छ होती ना?" तो माझ्याकडे असा बघत राहिला की विचारू नका. हसला कसाबसा आणि गेला. त्याला काय सांगू? म्हणून तुम्हाला सांगते.

चाचा मशीनला आई म्हणायचे. सगळ्यांना नाही, एकालाच. रत्नागिरीत मी ज्या कॉलेजात पहिली नोकरी केली तिथल्या कॉम्प्युटर लॅबचे ते टेक्निशियन. पंचावन्नच्या आसपासचे, पांढराशुभ्र शर्ट, अत्तराचा बारीक वास. बावीस वर्षं मस्कतला एका ऑफिसात कॉम्प्युटर लावण्याचं काम करून परत आलेले. आणि मी देवरूखची, नुकतीच पास झालेली, मुलं मॅडम म्हणाली की मागे वळून बघणारी.

लॅबमध्ये चोवीस मशिनं. दर सहामाहीला सगळी पुसून नवी करायची. एकेक करत बसलं तर प्रत्येकाला दिवस जाणार. चाचांची पद्धत वेगळी. एकच मशीन घ्यायचं, त्यात विंडोज, मराठी फॉन्ट, मुलांना लागणारं सगळं नीट बसवायचं, मग त्या अख्ख्या मशीनचा छाप दोन सीड्यांवर उतरवायचा आणि तो छाप बाकीच्या तेवीसांत ओतायचा. या कामाला बाहेर सगळे घोस्ट मारणं म्हणायचे. मीही पहिल्या दिवशी म्हटलं, "चाचा, घोस्ट मारायचंय ना?" ते म्हणाले, "भूत कसलं गो? एकीपास्नं तेवीस होतात, तिला आई म्हणायचं."

आईला तयार करताना ते चपला बाहेर काढायचे. एकेक गोष्ट काढून टाकायची. उघडलेल्या फायलींची यादी, कचऱ्याची टोपली, कुणीतरी लावलेला हिरोईनचा फोटो. "आईत जे राहील ते सगळ्या पोरांत उतरणार. मग चोवीस जागी पुसत बस." सगळं झालं की खुर्ची मागे सरकवून मला बसवायचे. "बघ गो, आईत काय राहिलं नाय ना?" मी सगळं उघडून बघायचे आणि म्हणायचे, काही नाही. मगच सीडी आत जायची. शेवटची नजर माझी, असा नियमच होता.

छाप ओतला की सगळ्या मशिनांचं नावही एकच यायचं आणि मग नेटवर्कवर भांडणं. म्हणून प्रत्येकाला नवीन नाव द्यायचं. दुसरीकडे पीसी एक, पीसी दोन असतं. चाचांनी बंदरांची नावं दिलेली. जयगड, दाभोळ, हर्णै, पूर्णगड. मेन स्विचजवळच्या मशीनला मात्र पोफळी, कोयनेची वीज तिथे होते म्हणून. मुलं ओरडायची, "चाचा, दाभोळ अडकलंय!" आणि हे तिथूनच, "भरती येऊ दे, सुटेल." सगळी लॅब हसायची. चाचा नाही हसायचे, पण कान लाल व्हायचे.

डबा मात्र एकटे खायचे, सर्व्हरच्या खोलीत दार लोटून. मी एकदा घुसलेच. कालचंच कालवण होतं, परवाही तेच होतं. मी म्हटलं, "चाचा, रोज तेच?" तर म्हणाले, "एका माणसापुरतं करताच येत नाय गो. घरातली भांडीच मोठी." मग हळूहळू कळलं. खाडीकाठी घर, वर चार खोल्या, तिकडून सुट्टीवर आले की एकेक बांधलेली. चाची गेल्या तेव्हा हे मस्कतला, सुट्टी मिळून पोचले तोवर चाळिसावा दिवसही होऊन गेलेला. मुलगी रुबीना मावशीकडे वाढली. लग्न होऊन शारजाला गेली. निघताना यांना म्हणाली, "अब्बा, तुम्ही आमच्याकडे पाहुणेच होतात." एवढंच. त्यानंतर बोलणं बंद. हे सांगताना त्यांनी एक भाकरी उचलून माझ्या हातात दिली. "खा. दोन जास्त होतात रोज."

आता ऐका. प्रॅक्टिकल परीक्षा सोमवारी होती. शनिवारी नवीन आई बनवायची होती, आणि मी त्या शनिवारी लवकरची एसटी पकडून देवरूखला गेले. मावसबहिणीचा साखरपुडा. शेवटची नजर टाकायला मी नव्हते.

सोमवारी पहिली बॅच बसली. चाचा खाली ऑफिसात प्रश्नपत्रिकांचं पाकीट आणायला गेलेले. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ही रुबीना कोण?" डेस्कटॉपवर एक फाइल, नाव रुबीना. शेजारची म्हणाली, माझ्याकडे पण आहे. मागून, हर्णैवर पण आहे! कुणीतरी, "चाचांचं लव्ह लेटर!" आणि खसखस पिकली. तोवर पुढच्या चारपाच जणांनी फाइल उघडली होती. हसणं एका बाजूने विझत गेलं. 

इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलेलं. मला अजून पाठ आहे.

"रुबीना, वरच्या खोलीची खिडकी बसवली. तिथून खाडी दिसते. तुला बोलायचं नसेल तर नको बोलू. फक्त एक रिंग दे नि काप. मी उचलणार नाय. तू हायस एवढं कळेल."

मी कशीबशी म्हणाले, सगळ्यांनी डिलीट करा. टोपलीतूनपण. चोवीस माउस एकदम वाजले. आणि त्या पोरांचं मला आजही कौतुक वाटतं, चाचा पाकीट घेऊन आत आले तेव्हा एकानेही मान वर केली नाही. नंतरही कुणी बाहेर बोललं नाही. कॉलेजात! विचार करा.

पण सीडीत ते होतंच ना. दुपारी दाभोळ बिघडलं, चाचांनी त्यात पुन्हा आई ओतली, आणि त्यांच्यासमोरच ती फाइल पडद्यावर उगवली. मी बाजूलाच उभी. त्यांनी दाभोळ बघितलं, मग उठून जयगड बघितलं, पूर्णगड बघितलं. तिथे काही नाही. वळून माझ्याकडे बघितलं. मला काही लपवता येत नाही, तोंडावर सगळं लिहिलेलं असतं.

"सगळ्यांनी वाचलं?"

मी मानेनेच हो म्हटलं.

खुर्चीत बसले. म्हणाले, "चोवीस जागी गेलं. जिथं जायला हवं तिथं नाय गेलं."

मी लगेच सुरू झाले. मग पाठवा ना चाचा, मी ईमेल काढून देते, आत्ता टाइप करते, दोन मिनिटांचं काम! ते म्हणाले, "पाठवलं नि उत्तर नाय आलं तर? आत्ता कसं, मीच पाठवलं नाय म्हणून येत नाय, असं मनाला सांगता येतं."

त्यांनी नवीन आई बनवली. तीन तास लागले. शेवटी खुर्ची मागे सरकवली पण मला बस म्हणाले नाहीत, स्वतःच दोनदा बघितलं. ते मला फार लागलं.

पण आठवड्याने त्यांनी मोबाइलवर परदेशी फोन लावायचं आयएसडी चालू करून घेतलं, स्टँडसमोरच्या दुकानात दोनदा जाऊन. चारच्या सुट्टीत मला व्हरांड्यात बोलावलं. माझ्यासमोर रुबीनाचा नंबर लावला, एक रिंग, आणि कापला. "पत्र नको. हे बरं. तिलापण उचलायला नको." मग आम्ही दोघं उभे. फोन तळहातावर, जसं काही त्याला वारा लागायला हवा. सुट्टी संपल्याची घंटा झाली. फोन वाजला नाही.

मग हे रोजचं झालं. चार वाजता व्हरांडा, एक रिंग. मी हळूहळू सोबत जाणं सोडलं, खरं सांगते, मला ते बघवायचं नाही. वर्षभराने मला पुण्याला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी धीर करून विचारलं, "चाचा, आला का कधी उलटा फोन?"

"नाय गो." आणि मग, काहीतरी चांगलं सांगतात तशा आवाजात, "पण रिंग जाते. नंबर नाय बदललान तिनं."

चार वर्षं झाली. चाचांचा नंबर माझ्याकडे आहे. दर ईदला काढते आणि ठेवून देते. लावला आणि रिंगच गेली नाही तर?

तुमच्याकडेही आहे का हो असा एखादा नंबर? तुम्ही लावता? की माझ्यासारखेच नुसते बघत बसता? सांगा ना.