हाताचा क्लच

डाव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नर्सबाईंना स्पष्टच सांगितलं, "चालाल, जिनेही चढाल. पण क्लच दाबायचं आता विसरा." बाईंनी नुसती मान हलवली. उभ्या नोकरीत लोकांना बऱ्यावाईट बातम्या त्यांनीच सांगितल्या होत्या. स्वतःची वेळ आल्यावर गळा काढायची त्यांना लाज वाटली. घरी आल्या त्या मात्र थेट अंगणात गेल्या. गाडीवरची ताडपत्री अर्धी उचलून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

गाडी लहानशी, राखाडी, एका दाराचा रंग बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळा. बाईंची बदली बाहेरच्या वस्त्यांवर झाली तेव्हा नवऱ्याने ती जुनीच विकत घेतली होती. तो नकाशे काढणारा माणूस, स्वभावाने थंड. पण गाडी शिकवताना त्याचा अवतार पाहण्यासारखा असायचा. "अगं सोड, हळू सोड! क्लच आहे तो, झुरळ नाही!" बाई हसून हसून बेजार व्हायच्या आणि गाडी गचके खात बंद पडायची. पुढे याच गाडीने त्यांना अठ्ठावीस वर्षं वस्त्यावस्त्यांवर नेलं. मागच्या सीटवर वस्तीवरच्या बायकांची दोन बाळं जन्मली. नवऱ्याला जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती.

घरात बाई आणि त्यांची नणंद, दोघीच. नणंद म्हणाली, "वहिनी, विकून टाक आता. रिक्षा मिळतात की."

"वन्सं, रिक्षावाल्याला 'थांब रे, हे झाड बघू दे' म्हटलं तर थांबेल का?"



शोधाशोध केल्यावर बाईंना कळलं, की स्कूटरला असते तशी क्लचची मूठ गाडीच्या गिअरच्या दांडीवर बसवता येते. पाय लावायची गरजच नाही. मूठ, केबल आणि चार पट्ट्या असं सामान त्यांनी मागवून घेतलं. खोकं आलं. प्रश्न होता तो बसवायचा कुणी. गाडीचे जुने मिस्त्री कधीच देवाघरी गेले होते. काचेच्या मोठ्या गॅरेजमधल्या टाय लावलेल्या मुलाने खोक्याला हातही लावला नाही. "कंपनीचा पार्ट नाही, आम्ही जबाबदारी घेत नाही." कोपऱ्यावरचा गॅरेजवाला उलट फारच उत्साही. "अर्ध्या तासाचं काम, मावशी! तुम्ही चहा घेऊन या, तोवर तयार." बाईंनी खोकं काखेत मारलं आणि चहा प्यायला म्हणून गेल्या त्या परत फिरकल्याच नाहीत.

उरला तो 'उद्या'. त्या मिस्त्रीला सगळे याच नावाने ओळखायचे, कारण गाडी कधी मिळेल विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. पन्नाशीचा, किडकिडीत, कानावर पेन्सिल खोचलेला. त्याने खोकं उघडलं. आतला कागद उभ्याउभ्या दोनदा वाचला. मग गॅरेजच्या दाराशी उभ्या असलेल्या एका गाडीत बाईंना बसवलं आणि मूठ गाडीच्या क्लचला तात्पुरती जोडून हातात दिली.

"दाबा. आता दाबून धरा. सोडू नका."

तो घड्याळाकडे बघत राहिला. मिनिटाभरात बाईंची बोटं थरथरायला लागली.

"सिग्नलला एवढा वेळ धरावं लागतं," तो म्हणाला. "मूठ जरा हलकी करावी लागेल. चार दिवस लागतील."

आता बाईंची पाळी होती. पेशंटची माहिती विचारावी तसं त्यांनी विचारलं, "हे आधी कधी बसवलंय तुम्ही?"

"दोनदा. एक नीट चाललं."

"आणि दुसरं?"

मिस्त्रीने फडक्याने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला. "केबल गाडीच्या पोटाखालून नेली. सायलेन्सरच्या पाईपाच्या फार जवळून. तापून तिचं आवरण वितळलं, क्लच अडकला. गाडी एका दुकानाच्या शटरमध्ये घुसली. माणसाचं मनगट मोडलं. चूक माझी होती. भेटायला गेलो, त्यांनी दार उघडलं नाही."

"कोण ते?"

"सिनेमाच्या तिकीटखिडकीवर बसतात."

घरी नणंदेने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "स्वतःच्या तोंडाने सांगतोय, की माणूस पाडला! आणि तू अजून विचारच करतेस?"

बाई खरंच विचारात पडल्या होत्या. त्यांना नोकरीचं पहिलं वर्ष आठवत होतं. एका बाईला "अजून वेळ आहे" म्हणून त्यांनी घरी परत पाठवलं, आणि ती वाटेतच बाळंत झाली. दोघं जगली, हे नशीब. पण मोठ्या सिस्टरना ते सांगायला बाईंना आठ दिवस लागले होते. त्या आठ दिवसांत त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं. नंतर मात्र कुणाला परत पाठवण्याआधी त्या दोनदा तपासायच्या, आणि तरी मन खायचंच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाआधी त्या तिकीटखिडकीवर गेल्या. आतल्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि गालातल्या गालात हसले.

"दार नाही उघडलं, खरं आहे. फार चिडलो होतो हो. एक पाय आधीच गेलेला, त्यात हातही प्लास्टरमध्ये. पण तीन महिन्यांनी गाडी परत त्याच्याकडेच नेली."

"का?"

"दुसऱ्याकडे नेली असती, तर त्याला तरी कुठे माहीत होतं, केबल कुठून न्यायची नाही ते? याला माहीत होतं." त्यांनी मनगट फिरवून दाखवलं. "सहा वर्षं झाली. बाहेर उभी आहे बघा, निळी."

बाईंनी निळी गाडी बाहेरून न्याहाळली, मग परवानगी घेऊन आत बसल्या. मूठ दाबली. मऊ होती.

काम चार दिवसांचं सात दिवसांवर गेलं, नावाला जागूनच. बाई रोज सकाळी स्टुलावर जाऊन बसत. या खेपेला मिस्त्री केबल आतून, पायाखालच्या गालिच्याखालून नेणार होता. गालिचा उचलला तर खाली केसांचे आकडे, मोडलेली पेन्सिल आणि धुळीने काळवंडलेला, अंगठ्याएवढा लोकरीचा मोजा. बाईंनी तो तळहातावर घेतला.

"नातवाचा?"

"नाही हो. कुणाचा ते आता आठवत नाही. दोघांपैकी एकाचा असेल." आणि मग त्या मागच्या सीटवरच्या बाळंतपणांबद्दल बोलत राहिल्या. एकदा सोबत आलेला आपला नवरा गाडीकडे पाठ करून, हातात गरम पाण्याचा थर्मास घेऊन कसा उभा होता, आणि बाळ रडल्यावर बाळाहून मोठ्याने कसा रडला. मिस्त्री गाडीखाली आडवा होता. पान्याचा आवाज मात्र थांबला होता.

क्लचच्या पेडलचं रबर बाईंच्या चवड्याखाली एका बाजूने झिजून गुळगुळीत झालं होतं. "नवीन टाकू?" त्याने विचारलं. "राहू दे," बाई म्हणाल्या.

सातव्या दिवशी मोकळ्या मैदानात पहिली फेरी. शेजारी मिस्त्री, मागे जीव मुठीत धरून नणंद. गाडी चारदा बंद पडली. मिस्त्री गप्प बसला. बाईंना ती शांतता सोसवेना.

"ओरडा की जरा," त्या म्हणाल्या.

"मी? कशाला?"

"झुरळ म्हणा," नणंद मागून म्हणाली. भाऊ तिचाही होता. पाचव्या खेपेला गाडी अलगद निघाली. 

"नवी केबल महिनाभरात जराशी सैलावते," गाडी देताना मिस्त्री म्हणाला. "आवळायला या. विसरलात तर मी घरी येईन."

बाई विसरल्या नाहीत. महिन्याने गेल्या तेव्हा त्याने नट आवळला, मूठ स्वतः वीसदा दाबून पाहिली आणि सहज विचारलं, "कुठे कुठे फिरलात?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली. तळ्याकाठचा रस्ता आता रुंद झालाय, जुना दवाखाना पाडलाय, तिसऱ्या वस्तीवर एका म्हातारीने गाडीवरूनच ओळखलं आणि बसवूनच घेतलं. मिस्त्री चाकाशी उकिडवा बसला होता. दोन गिऱ्हाईकं येऊन त्याची वाट बघत उभी राहिली. त्यांच्याकडे न बघताच त्याने हात वर करून थांबायची खूण केली, आणि म्हणाला, "मग? म्हातारी काय म्हणाली?"