पायरीखालची माफी

"हीच ती," म्हणत बुवांनी छडीचं टोक माझ्या हनुवटीला लावून माझं तोंड वर केलं. प्रार्थना नुकतीच संपली होती. सगळी शाळा रांगेत उभी. मी ओट्यावर, एकटी. नववीत होते.

बुवा म्हणजे गावचे कीर्तनकार आणि शाळा कमिटीचे अध्यक्ष. कुंडलच्या अलीकडचं आमचं गाव. तिथं बुवांना विचारल्याशिवाय मास्तर शिंकतही नसत.

माझा गुन्हा एवढाच, की मी प्रश्न विचारला होता. आदल्या दिवशी सरकारी नर्सबाई शाळेत आल्या. आम्हा मुलींना वेगळं बसवून त्यांनी भिंतीवर तक्ता लावला. गर्भाशय कुठं असतं, पाळी का येते, मूल कसं राहतं, सगळं सांगितलं. सरकारनं गर्भपाताचा कायदा केलाय, दवाखान्यात तो रीतसर करतात, हेही सांगितलं. पोरी माना खाली घालून खिदळत होत्या. मी उभी राहून विचारलं, "बिनलग्नाच्या पोरीवर कुणी जबरदस्ती केली आसंल, तर तिचा करत्यात का?"

"करतात," बाई म्हणाल्या.

प्रश्न माझ्या आक्कासाठी होता. माझी थोरली बहीण, एकोणीस वर्षांची. उसातलं तण काढायला, भांगलायला गेली होती, तिथं मालकाच्या पोरानं तिला धरलं. तिसरा महिना लागला होता. आई एका म्हातारीकडून कसलासा पाला आणायच्या विचारात होती. तसल्याच पाल्यानं आमच्या वस्तीतली एक बाई तडफडून मेलेली मी पाहिली होती.

बुवांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्यांनी मालकाच्या पोराला ओट्यावर उभं केलं नसतं. त्याचा बाप कीर्तनात पहिल्या रांगेत बसायचा.

"ह्या सरकारला धरम न्हाई," बुवा गरजले. "पोटातलं लेकरू मारायचं शाळंत शिकवाय लागलं! आन इचारतंय कोण? मांगाची पोर. असल्या घरात दुसरं काय सुचणार?"

पोरं हसली. मास्तरही हसले. ते जास्त लागलं.

मग शिक्षा. "आजच्या आज देवळात जायचं. देवापुढं नाक घासून माफी मागायची. न्हाईतर शाळंतनं नाव कमी."

हेडमास्तर खाकरत पुढं झाले. "आवं बुवा, हिला... देवळात?"

बुवांनी छडी खाली घेतली. आम्हाला त्या देवळात पायरीच्या वर कधी घेतलं नव्हतं. माझा बाप त्याच देवापुढं हलगी वाजवायचा, तोही पायरीखाली उभा राहून. बुवा एवढा ज्ञानी माणूस, आणि पापी आत कसा न्यायचा इथंच अडला. कमिटीचे दोघं त्यांच्या कानाला लागले. भर शाळेपुढं कुजबुज चालली. शेवटी निकाल लागला, "पायरीखाली घासू दे. देवाला तिथनं बी दिसतंय."

खरं सांगते, मला हसू आलं. असल्या माणसांना मी इतकी वर्षं भीत होते! शिसारी आली, त्यांची आणि माझीही.

"आधी आत घ्या," मी म्हणाले. "मग घासते. आत घेणार नसाल तर तुमच्या देवाचा आन माझा संबंध न्हाई."

छडी पोटरीवर बसली. दोनदा. मी ओट्यावरून उतरले, दप्तर घेतलं आणि चालू लागले. ओढ्यापर्यंत रडले. ओढ्यात तोंड धुतलं.

आई चुलीपुढं होती. आक्का कोपऱ्यात, भिंतीला टेकून.

"पाला आणायचा न्हाई," मी म्हणाले. "उद्या सकाळच्या एष्टीनं आक्काला सांगलीला सरकारी दवाखान्यात न्यायची."

"आगं, बुवास्नी कळलं तर?"

"कळू दे. कुणाच्या उसात झालं, ते बी सांग त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी नेली. आक्का वाचली. शाळेतून माझं नाव गेलं.

तेव्हाच ठरवलं. आक्काच्या बाबतीत जे झालं, त्यासाठी आमच्या घरातलं कुणीही कुणापुढं माफी मागणार नाही. मागायची तर त्यांनी मागावी. आणि मी ती देणार नाही.